सोपानतात्या आणि अर्धा सिग्नल

सोपानतात्या येळवंडे आमच्या घराशी पहिल्यांदा बोलले ते तोंडानं नव्हे, हातानं. आणि तेही माणसांशी नव्हे, टेम्पोशी.

आम्ही परभणीकडून कासारवाडीला राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. गावाकडं अण्णा, म्हणजे माझे वडील, कापसाच्या जिनिंगवर कामाला होते. जिनिंग बंद पडलं. मग एका ओळखीच्या ठेकेदाराच्या शब्दावर भोसरीच्या फाउंड्रीत काम धरायचं ठरलं आणि आई, अण्णा, मी आणि धाकटी बहीण असे आम्ही भांड्याकुंड्यांसकट टेम्पोत बसून निघालो. स्टेशनच्या मागच्या गल्लीत, तात्यांच्या चाळीत एक खोली मिळाली होती. गल्ली अशी, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं आडवं व्हायचं. टेम्पो उलटा आत घ्यायचा होता. गल्लीतले झाडून सगळे पुरुष मदतीला धावले. "येऊ दे, येऊ दे", "बस बस बस", "अरे डावीकडं काप", "आता सरळ कर राव". ड्रायव्हर घामानं भिजला, टेम्पो एका अंगानं भिंतीला घासायला लागला आणि आईनं वर बसल्याबसल्या देवांचं गाठोडं छातीशी धरलं.

तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून एक उंच, काडीसारखा म्हातारा उतरला. अंगात बंडी, खाली कंपनीची खाकी पँट. त्यानं एकेकाला दंडाला धरून बाजूला केलं, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा जागी जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. एक हात कोपरातून हलायला लागला, दुसऱ्याची बोटं मिटायला-उघडायला लागली. टेम्पो मांजरासारखा गुपचूप आत आला. शेवटी म्हाताऱ्यानं मूठ आवळली. टेम्पो जागच्या जागी थांबला.

"धा जनं वरडली की गाडी भितीत जाती," तो म्हणाला. "सिग्नल द्येनारा येकच पायजे, आन तो दिसाय पायजे. उतरा आता. मी घरमालक."

झालं आमचं स्वागत.

दिवस कसे होते ते सांगून टाकते, लपवण्यासारखं काही नाही. वर पत्रा, बाहेर सामायिक नळ, आत एक खोली. अण्णा फाउंड्रीतून यायचे ते राख माखलेल्या बोकडासारखे. आई घरी बसून रबराचे वॉशर साफ करायची. साच्यातून निघालेल्या वॉशरच्या कडेला पातळ पापुद्रा असतो, तो कात्रीनं कापायचा. पोत्यानं माल यायचा आणि पोत्यानं जायचा. आमच्या भाकरीलासुद्धा रबराचा वास होता. शाळेत माझ्याशेजारी बसणाऱ्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. मी त्यांना सांगायचे, "नव्या गाडीला हाच वास असतो. लोक लाखो रुपये देऊन घेतात."

घरात कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. मला पाहायचं होतं, आणि नुसतं पाहायचं नव्हतं, शेवटपर्यंत जायचं होतं. मी अण्णांना विचारलं की अण्णा म्हणायचे, "बघू."

हा "बघू" तात्यांच्या कानावर गेला आणि माझी त्यांच्याशी दोस्ती झाली. कारण या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं.

त्याचं मूळ त्यांच्या नोकरीत. तात्या एका मोठ्या फॅब्रिकेशन कंपनीत क्रेनखालचे सिग्नलमन होते. छपराखाली रुळांवर क्रेन चालायची, तिच्या केबिनमध्ये उंचावर ऑपरेटर, आणि खाली तात्या. शेडमध्ये ग्राइंडिंगचा, घणांचा असा गोंगाट की स्वतःचं शिंकणंसुद्धा ऐकू येऊ नये. वरच्याला ऐकू येत नाही आणि माल नीट दिसत नाही. त्याला दिसतात ते फक्त खालच्याचे हात. साखळीला घराएवढं लोखंड लटकलेलं, खाली माणसं काम करताहेत, आणि मधला सगळा कारभार तात्यांच्या दहा बोटांवर. वर घे, खाली सोड, हळू, डावीकडं, थांब. सगळ्याची खूण ठरलेली.

"आमच्यात 'बगू' ह्याला खूनच न्हाई," तात्या म्हणायचे. "वरचा मला इचारतोय माल सोडू का, आन मी म्हन्तो बगू. खालच्याचं डोस्कं गेलं की मंग. अर्धा सिग्नल म्हंजी अपगात."

कंपनीनं तात्यांना रिटायर केलं, त्यांच्या हातांना करायचं राहून गेलं. गल्लीत कुणाची गाडी मागं येताना दिसली की ते जेवणावरून उठायचे. केळेवाल्याची हातगाडी, शाळेची व्हॅन, मयताची गाडी, सगळ्यांना सिग्नल. एकदा जागरण-गोंधळाच्या पंगतीत वाढप्यानं त्यांच्या भातावर आमटी ओतायला सुरुवात केली. तात्यांचं तोंड भरलेलं. त्यांनी तर्जनी वर करून गोल फिरवली. क्रेनच्या भाषेत याचा अर्थ माल वर उचल. वाढपी साताऱ्याकडचा, त्याला वाटलं आजोबा म्हणताहेत जोरात येऊ दे. त्यानं बादली आणखी कलती केली. तात्यांनी बोट आणखी जोरात फिरवलं. आमटी ताटातून मांडीवर आली तेव्हा तात्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "कुठल्या कंपनीचा रं तू?"

पण त्यांचा खरा झगडा होता तो आपल्या मराठी माणसांच्या तोंडी सिग्नलांशी. आपण निघताना "येतो" म्हणतो. तात्यांना हे मुळीच मान्य नव्हतं. ते दारात उभे राहून खणखणीत आवाजात "जातो" म्हणायचे. बायका कानांवर हात ठेवायच्या. "अहो तात्या, जातो म्हणू नये, येतो म्हणावं."

"आज पुन्यांदा येनार न्हाई. मंग येतो कसा म्हनू?"

चहाचंही तसंच. आपल्याकडं पाहुण्यानं पहिल्यांदा "नको, नको" म्हणायचं असतं, यजमानानं "घ्या हो थोडा" म्हणायचं असतं, आणि तिसऱ्या वेळेला कप हातात येतो. तात्यांच्या घरी पहिला "नको" म्हणजे नको. पातेलं खाली, गॅस बंद. आमचे मामा परभणीहून आले तेव्हा तात्यांच्या ओट्यावर अख्खी दुपार कोरडे बसून होते. खोलीत येऊन म्हणाले, "कसला माणूस आहे गं हा? साधा चहासुद्धा विचारत नाही."

"विचारला की त्यांनी," आई म्हणाली.

"हो, पण मी नको म्हटलं ना!"

आई मात्र शिकली. आयुष्यभर तिला कुणी काही विचारलं की "मला काही नको" हे तिचं पाठ उत्तर. तात्यांच्या ओट्यावर मी तिला पहिल्यांदा "हो, द्या की. साखर जास्त टाका" असं म्हणताना ऐकलं. सांगून झाल्यावर ती स्वतःच इतकी लाजली, की पदर तोंडाला लावून बसली.

मोबाइल आल्यावर तात्यांचा ताप वाढला. चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी मयताची बातमी टाकली आणि खाली लोकांनी धडाधड अंगठे दाखवले. तात्या फोन हातात घेऊन घरोघर फिरले. "काय वो, म्हातारी गेली आन तुमी अंगठा दाखवलाय. बरं झालं म्हन्ताय का?"

"तसं नाही तात्या, वाचलं असं म्हणायचंय."

"आन ह्ये हात जोडल्यालं? ह्ये वाढदिसालाबी तेच, मयतालाबी तेच, आन पानी येनार न्हाई त्यालाबी तेच. नक्की काय हाय ह्ये?"

 मी तेव्हापासून ते हात टाकताना एकदा विचार करते.

तर असा हा माणूस एका संध्याकाळी आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. माझी बारावी झाली होती. अण्णा नुकतेच हातपाय धुऊन बसले होते.

"अण्णा, पोरगी कालेजात घालनार का न्हाई?"

"बघू ना तात्या."

"कंदी बगनार?"

"म्हणजे... शिकेल तेवढं शिकवू."

"त्येवडं म्हंजी केवडं?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं पाहिलं, आईनं हातातल्या वॉशरकडं पाहिलं. तात्या दारातून हलेनात. शेवटी कंटाळून अण्णा म्हणाले, "बरं बाबा, घालतो. उद्याच घालतो. आता जेवू देता का?" असा माझा बी.कॉम.ला प्रवेश झाला. पण ते "शिकेल तेवढं" तसंच लटकत राहिलं होतं, हे मला माहीत होतं. आमच्या नात्यात कॉलेजला गेलेली एक मुलगी होती. तिचं लग्न पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधीच उरकलं होतं. तिची पुस्तकं तिच्या सासूनं रद्दीत घातली.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मामांनी स्थळ आणलं. तळेगाव दाभाड्याची माणसं, मुलगा चाकणच्या गाड्यांच्या कंपनीत, आणि तोही परमनंट. आमच्याकडं परमनंट हा शब्द लोक देवाच्या नावासारखा उच्चारतात. कायम, आणि तेही चाकणला. आईसुद्धा हरखली. मला विचारलं नाही कुणी, आणि मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला आधी कुणी विचारायला लागतं. मी नुसती रोज रात्री उशाशी अकाउंट्सचं पुस्तक घेऊन झोपत होते.

आमच्या खोलीत पाहुणे मावणार नव्हते म्हणून तात्यांच्या ओट्यावर सतरंजी घातली. घरमालक आणि वडीलधारं माणूस म्हणून तात्यांनाही बसवलं. आदल्या दिवशी आई त्यांच्याकडं जाऊन हात जोडून आली होती. "तात्या, लेकराच्या कामाचं आहे. उद्या तेवढे हात खाली ठेवा. काही बोलू नका."

"कामून?" तात्यांनी आमचीच बोली वापरून विचारलं.

"माणसं बिचकतात."

तात्यांनी शब्द दिला आणि पाळलाही. दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये दाबून ते एका कोपऱ्यात बसले. बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला थंडी वाजतेय.

बोलणी सुरू झाली. मुलाचे वडील म्हणाले, "आमची काही अपेक्षा नाही." मामांनी मान डोलावली. मुलाचे वडील म्हणाले, "फक्त चार लोकांत शोभेल असं झालं पाहिजे." मामांची मान जरा हळू डोलली. तात्यांचे गुडघे हलले. मग शिक्षणाचा विषय निघाला. अण्णांनीच काढला, ते मी विसरणार नाही. म्हणाले, "पोरीचं एक वर्ष राहील अजून."

"शिकू दे की," मुलाचे वडील म्हणाले. "आमच्याकडं येऊन शिकेल. आम्ही काही नको म्हणणार नाही. घरातलं सगळं आवरून जेवढं जमेल तेवढं."

तात्यांच्या गुडघ्यांमधून एक हात सुटून वर आला होता. त्यांनी दुसऱ्यानं तो धरून परत खाली दाबला. आई दाराआडून त्यांच्याकडं डोळे वटारून बघत होती.

मला बाहेर बोलावलं. मी साडी सांभाळत पोह्यांच्या बश्या घेऊन गेले, खाली बसले, आणि रीतीप्रमाणे मान खाली घातली. कुणी शाळेचं विचारलं, कुणी स्वयंपाकाचं. मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगा पाहिलास ना नीट?" मी मान आणखी खाली घातली.

"झालं तर मग," मामा खुशीत म्हणाले. "मुलीची पसंती आहे. सुपारी फोडायला हरकत नाही." आमच्यात सुपारी फुटली की लग्न ठरलं. मागं फिरायचं म्हणजे दोन्ही घरांची अब्रू. मामांनी तबकातली सुपारी उचलली आणि अडकित्त्याच्या तोंडात धरली.

तात्या उठले. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरले, तळवे जमिनीकडं, आणि ते हात आडवे झपाझप हलवायला लागले. ओट्यावरचं सगळं थांबलं. घास थांबले, पंखा घालणाऱ्या बाईचा हात थांबला, अडकित्ता अर्धवट मिटून थांबला. एवढा मोठा माणूस हात पसरून उभा राहिल्यावर थांबण्यावाचून इलाजच नव्हता.

"काय झालं?" मामा म्हणाले. "साप आहे का?"

"थांबा," तात्या म्हणाले.

"तात्या, बसा खाली," अण्णा दात आवळून म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "मुलीचे कोण आपण?"

"कुनी न्हाई. घरमालक."

"मग घरमालकानं भाड्याचं बघावं. हे घरातलं कार्य आहे."

"बराबर हाय तुमचं," तात्या शांतपणे म्हणाले. हात अजून पसरलेलेच होते. "क्रेनला सिग्नल द्येनारा येकच असतो. दुसऱ्यानं मधी हात घालायचा न्हाई. पन थांबायचा सिग्नल कुनीबी द्यावा, असा कायदा हाय. झाडूवाल्यानं द्यावा, चहावाल्यानं द्यावा. वरच्यानं थांबायचंच. आदी थांबायचं, मंग इचारायचं का म्हनून."

"आता थांबलोय ना," मामा अडकित्ता तसाच धरून म्हणाले. "आता विचारतो. का म्हणून?"

"पोरीला इचारलं का?"

"विचारलं म्हणजे काय? सगळ्यांदेखत मान खाली घातली तिनं."

"म्होरं पोह्याची बशी हाय म्हनून घातली आसंल."

दाराआड माझी धाकटी बहीण फिस्सकन हसली. आईनं तिला चापट मारल्याचा आवाजही बाहेर आला.

"मान खाली ह्यो सिग्नल न्हाई," तात्या म्हणाले. "त्यात व्हय बसतं, न्हाई बसतं, आन मान दुखतीया ह्येबी बसतं. येवडा मोटा माल लटकलाय, आन तुमी अंदाजानं सोडताय?" मग ते माझ्याकडं वळले आणि त्यांनी हात खाली घेतले. "पोरी, वर बग. तुला आत्ता लगीन करायचंय का? व्हय आसंल तर व्हय. न्हाई आसंल तर न्हाई. अर्धं सांगू नगंस."

मी वर पाहिलं. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं होतं की असा प्रश्न कुणी विचारला तर मी कडाकडा उत्तर देईन. मनात कितीदा दिलंही होतं.  पण आधी वर गेला तो माझा हात. तळवा समोर करून, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा. तो हात तसा उंच गेल्यावर मागून आवाजही आला.

"मला बी.कॉम. पूर्ण करायचंय. आत्ता लग्न नको."

 पलीकडच्या रुळांवरून मालगाडी धडधडत गेली. मग तात्या मुलाकडं वळले.

"आन तुमी हो, पावनं?"

मुलगा बिचारा इतका वेळ पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होता. त्यानं आधी वडिलांकडं बघितलं, मग माझ्या वर गेलेल्या हाताकडं बघितलं. आणि त्यानंही हळूच हात वर केला.

"मला तर घरी सांगितलं नुसतं जेवायला जायचंय," तो म्हणाला. "मी सेकंड शिफ्ट सोडून आलोय."

"अरे!" त्याचे वडील ओरडले. "मग गाडीत का बोलला नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

तात्यांनी सगळ्या मंडळींकडं असं बघितलं, जणू मोठा अपघात थोडक्यात टळलाय आणि कुणाला त्याची जाणीवच नाही. मामांनी सुपारी सोडवून तबकात ठेवली. पाहुणे उठले. जाताना मुलाचे वडील चप्पल घालत म्हणाले, "बरं, आम्ही कळवतो." तात्यांनी तोंड उघडलं, पण आईनं दाराआडून "तात्या!" म्हटलं, तसं मिटलं.

इथपर्यंत मी ही गोष्ट कॉलेजात शंभरदा सांगितलीय आणि सगळे पोट धरून हसायचे. पुढची सांगत नव्हते.

अण्णांनी तात्यांशी बोलणं टाकलं. "माझ्या दारचं कार्य उठवलं त्या माणसानं," एवढंच ते म्हणाले. समोरासमोर आले की मान फिरवायचे. माझ्याशीही कामापुरतं बोलायचे. खोली सोडायची भाषा सुरू झाली. एवढ्या भाड्यात दुसरी मिळणार नव्हती. खोली सुटली तर गाव, आणि गाव म्हणजे माझं कॉलेज संपलं, हे मला कळत होतं. मला राग आला. सगळ्यांचा, आणि खरं सांगायचं तर तात्यांचाही. एका दुपारी मी त्यांच्याकडं गेले. ते खाटेवर पाय पसरून बसले होते.

"तात्या, तुम्ही आईला शब्द दिला होता. कशाला उठलात?"

 तात्यांचे हात मांडीवर पडून होते. ते भिंतीवरच्या फोटोकडं बघून म्हणाले, "तुज्या काकूला बगाय गेलो हुतो, तवा तिनंबी मान खाली घातली हुती."

काकूंना मी पाहिलं नव्हतं. आम्ही यायच्या आधीच त्या गेल्या.

"समदी म्हनली, पोरीची पसंती हाय. मीबी म्हनलं, आसंल. लगीन झालं. भांडान न्हाई, रुसवा न्हाई. तिनं कंदी काय मागितलं न्हाई. मी दिसभर कंपनीत वरच्याला इचारायचो, दिसतंय का, आलं का ध्यानात, सोडू का. आन घरी आलो की हात धुऊन जेवाय बसायचो. तिला कायबी इचारलं न्हाई. इचारायचं आसतं ह्येच म्हाईत नव्हतं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "पार शेवटाला, आजारात इचारलं. म्हनलं, का गं, मी पसंत हुतो का तुला? ती हसली. बोलवत नव्हतंच तिला. तिनं आपल्या अंगावरचं पांगरून वडलं आन माझ्या पायावर सारलं. मी खाली बसलो हुतो, फरशीवर."

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती लागत नव्हती.

"तू शिकल्याली हायेस," तात्या म्हणाले. "मला सांग, ह्यो कसला सिग्नल? मी लई दिस बसून बगतोय. मला लागत न्हाई."

"हो म्हणाल्या त्या," मी म्हणाले.

"कशावरनं?"

"नापसंत माणसाचे पाय गार पडलेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही, तात्या."

तात्यांनी आपल्या पायांकडं बघितलं. मी निघाले तरी ते बघतच होते.

त्या रात्री मी ही गोष्ट आईला सांगितली. अण्णा भिंतीकडं तोंड करून झोपलेले होते. निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना ते दारात थांबले. डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "ज्योती, तुला पुढं शिकायचंय का?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बरं," अण्णा म्हणाले. मग वळून आईला म्हणाले, "आणि तुला काय वाटतं?"

आई घाबरली. कात्री खाली ठेवून म्हणाली, "कामून हो? बरं वाटंना का तुम्हाला?"

खोली सोडली नाही. अण्णा तात्यांशी बोलायला लागले, ते कधी आणि कसं, हे मला नक्की माहीत नाही. एक दिवस कॉलेजातून आले तर दोघं ओट्यावर बसून एकाच पेपरची पानं वाटून घेऊन वाचत होते.

मी बी.कॉम. झाले. आईच्या आणि अण्णांच्या दोन्ही घराण्यांत मी पहिली पदवीधर. चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या उन्हाळ्यात धाकटीचं लग्न ठरलं. तळेगावच्या नाही, संत तुकाराम नगरच्या मुलाशी. सुपारी फोडायच्या आधी अण्णांनी सगळ्या पाहुण्यांसमोर तिला विचारलं, आणि ती हो म्हणाली.